परदेशातील पहिला पत्ता

जबलपूरहून कटनीकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वसलेले सिहोरा हे तहसिलीचे गाव. इटारसी-प्रयागराज लोहमार्गावरील त्याचे स्थानक ‘सिहोरा रोड’ या नावाने प्रवाशांना परिचित आहे. शेतमालाचा बाजार आणि आसपासच्या लोहखनिजाच्या खाणी ही या परिसराची जुनी ओळख. अशा गावातील एखाद्या घरातला मुलगा किंवा मुलगी आज सिडनीला, टोरांटोला अथवा न्यू जर्सीला असणे ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. सिहोऱ्याहून शिक्षणासाठी जबलपूर, तेथून नोकरीसाठी पुणे किंवा बंगळूर आणि त्यानंतर परदेश, असा हा प्रवास टप्प्याटप्प्याने घडतो.

या शेवटच्या टप्प्याची तयारी घरोघरी मोठ्या उत्साहाने चालते. व्हिसा, विमानाची तिकिटे, परकीय चलन, गरम कपडे, मसाल्यांची पाकिटे यांच्या याद्या आठवडेच्या आठवडे होत राहतात. परंतु ज्या प्रश्नावर कुटुंबाचे पुढील एक-दोन वर्षांचे स्वास्थ्य अवलंबून असते, त्याचा विचार बहुधा सर्वांत शेवटी होतो. तो प्रश्न म्हणजे : राहायचे कोठे? आणि त्याचे उत्तरही पुष्कळदा एका वाक्यात मिळते : “ऑफिस जिथे असेल, त्याच्या जवळपास.” हे उत्तर पुरेसे आहे का, याचा शांतपणे विचार करणे आवश्यक आहे.

पत्ता ठरविण्याचे स्वातंत्र्य

स्थलांतर मराठी माणसाला नवे नाही. महाकोशलातील मराठी कुटुंबे हीच मुळात स्थलांतरितांची वंशज आहेत. हा प्रदेश काही काळ नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता आणि १८१७-१८ च्या युद्धानंतर तो इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांताची स्थापना झाली व नागपूर ही त्याची राजधानी झाली. १८७० मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग जबलपूरला अलाहाबादकडील मार्गास जोडला गेला. शासकीय कचेऱ्या, न्यायालये, शाळा आणि रेल्वे यांच्या निमित्ताने मराठी कुटुंबे या बाजूस येत राहिली. तथापि बदलीचे गाव साहेबाच्या सहीने ठरत असे. तेथे निवडीचा प्रश्न नव्हता.

समुद्रापलीकडे गेलेल्यांची स्थितीही अशीच होती. १८३४ नंतर करारबद्ध मजूर म्हणून मॉरिशसला गेलेल्या मराठी माणसांचे वसतिस्थान उसाच्या मळ्याचा मालक ठरवी. १९४८ नंतर इस्रायलला गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायली कुटुंबांपैकी अनेकांना दिमोना, बीरशेबा यांसारख्या नव्याने उभ्या राहणाऱ्या गावांत जावे लागले. ही गावे त्यांनी निवडलेली नव्हती. पण तेथे शेजारी आपलीच माणसे असल्यामुळे घरातली मराठी टिकली, सण टिकले, आणि पुढे ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही इस्रायलमधून निघाले. मॉरिशसमध्ये तर गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. शेजार माणसाच्या आयुष्याला किती घडवितो, याची ही दोन ठळक उदाहरणे होत.

आजचा स्थलांतरित आपला पत्ता स्वतः निवडू शकतो. हे स्वातंत्र्य मोठे आहे आणि म्हणूनच ते विचारपूर्वक वापरावयास हवे.

उपनगर म्हणजे काय?

आपल्याकडे ‘उपनगर’ म्हटले की मुख्य शहराबाहेरची वस्ती डोळ्यांपुढे येते. ऑस्ट्रेलियात या शब्दाचा अर्थ अधिक व्यापक आहे. तेथे संपूर्ण महानगरच नावे असलेल्या उपनगरांचे बनलेले असते. सिडनीत अशी सहाशेहून अधिक उपनगरे आहेत. प्रत्येकाला स्वतःचे नाव, ठरलेली सीमा आणि पिनकोड असतो. कचरा, उद्याने, ग्रंथालये इत्यादी सेवा स्थानिक परिषदेकडे असतात. मुलाला कोणत्या सरकारी शाळेत हक्काने प्रवेश मिळणार हेही घराच्या पत्त्यावरून ठरते. जबलपुरात राइट टाउनऐवजी अधारतालला घर घेतले तरी मुलाची शाळा तीच राहू शकते; तेथे रस्ता ओलांडला तर शाळा बदलू शकते.

ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेल्यांची संख्या ६,७३,३५२ नोंदविली गेली. परदेशात जन्मलेल्या रहिवाशांमध्ये इंग्लंडनंतर भारताचा क्रमांक लागला. सिडनीतील भारतीय वस्ती प्रामुख्याने शहराच्या पश्चिमेस आहे आणि तिचा आकार समजून घेतला तर निवडीचे शास्त्र आपोआप उलगडते.

सिडनीच्या मध्यभागापासून सुमारे २४ किलोमीटर पश्चिमेस पॅरामॅटा आहे. १७८८ मध्ये वसलेले हे ठिकाण आज स्वतंत्र व्यापारी केंद्र बनले आहे. त्याच्या अलीकडे हॅरिस पार्क आणि पलीकडे वेस्टमीड, वेंटवर्थविल, पेंडल हिल, टूंगॅबी, सेव्हन हिल्स, ब्लॅकटाउन ही स्थानके एकाच लोहमार्गावर ओळीने येतात. वेस्टमीडला १९७८ पासून मोठे रुग्णालय आहे. पुढे बालरुग्णालयही तेथेच आले. डिसेंबर २०२४ मध्ये वेस्टमीडहून पॅरामॅटामार्गे कार्लिंगफोर्डपर्यंत ट्राम सुरू झाली. रेल्वे, रुग्णालय, बाजार आणि भाड्याच्या सदनिका एकत्र आल्या म्हणजे नव्याने आलेली कुटुंबे तेथे स्थिरावतात. ती स्थिरावली की डाळ-तांदळाची दुकाने येतात, आणि दुकाने आली की आणखी कुटुंबे येतात.

याउलट मार्सडन पार्क किंवा बॉक्स हिल यांसारख्या नव्या वसाहतींत घरे प्रशस्त व नवी आहेत, भारतीय कुटुंबेही पुष्कळ आहेत; परंतु तेथे रेल्वे स्थानक नाही. मेलबर्नमध्येही हाच भेद दिसतो. टार्नीटला २०१५ मध्ये स्थानक झाले. पॉइंट कुक या भारतीयांच्या आवडत्या उपनगराला मात्र स्वतःचे स्थानक नाही. मोटार चालविणाऱ्यास हा भेद किरकोळ वाटतो. न चालविणाऱ्यासाठी तोच सर्वांत मोठा भेद असतो.

घर कोणासाठी?

येथे एक साधा हिशेब मांडून पाहू. समजा, एक तरुण दांपत्य सात वर्षांच्या मुलासह सिडनीस जात आहे. नोकरी पतीस मिळालेली आहे. तो सकाळी साडेसातला निघतो व सायंकाळी साडेसहाला परततो, म्हणजे अकरा तास बाहेर. आठ तास झोपेचे वजा करता घरात जागेपणी उरतात पाच तास. सोमवार ते शुक्रवार मिळून पंचवीस. पत्नीस अद्याप काम मिळालेले नाही. तिचे जागेपणीचे सोळाही तास त्याच उपनगरात जातात. पाच दिवसांचे ऐंशी. मग ते उपनगर खऱ्या अर्थाने कोणाचे? पंचवीस तास राहणाऱ्याचे की ऐंशी तास राहणाऱ्याचे?

बहुतेक कुटुंबांत घराची निवड पगार मिळविणाऱ्याच्या सोयीने होते आणि त्याचा भार दिवसभर घरी असणाऱ्यावर पडतो. सिहोऱ्यासारख्या गावात वाढलेल्या स्त्रीला बाजार, दवाखाना, देऊळ, नातेवाइकांचे घर यांपैकी कशासाठीही कोणावर अवलंबून राहावे लागत नाही. ती पायी निघते, वाटेत चार ओळखीचे चेहरे भेटतात, दोन शब्द होतात. तीच व्यक्ती जेथे रुंद रस्त्यांवर केवळ मोटारी धावतात, दूध आणावयास दोन-तीन किलोमीटर जावे लागते आणि दुपारभर मनुष्याचा आवाज कानी पडत नाही, अशा वसाहतीत आली की तिचे स्वावलंबनच हिरावले जाते. घर सुंदर असते, स्वयंपाकघर मोठे असते. परंतु ती त्या घरात अडकून पडते. काही देशांत जोडीदारास काम करण्याची मुभाही सहज मिळत नाही. अमेरिकेत एच-४ व्हिसाधारक जोडीदारांपैकी ठरावीक गटालाच २०१५ पासून काम करण्याची परवानगी मिळू लागली. अशा कुटुंबांसाठी तर शेजाराचे महत्त्व दुप्पट होते.

म्हणून पहिला नियम असा सांगता येईल : उपनगर निवडावे ते दिवसाचे सर्वाधिक तास तेथे राहणाऱ्याच्या सोयीने. घरापासून पंधरा मिनिटांच्या पायी अंतरात किराणा दुकान, दवाखाना, शाळा, बाग, ग्रंथालय आणि रेल्वे अथवा बसचा थांबा यांपैकी काय काय आहे, याची नोंद करावी. उद्या सिहोऱ्याहून आई-वडील काही महिन्यांसाठी आले, तर त्यांचीही सकाळ याच पंधरा मिनिटांच्या वर्तुळात जाणार आहे.

महाकोशलातील मराठी कुटुंबांना एक सोय उपजत लाभलेली आहे. त्यांना हिंदी मातृभाषेइतकीच सहज येते. त्यामुळे शेजारी मराठीच हवा, असा आग्रह धरण्याचे कारण नाही; गुजराती, पंजाबी, हिंदी भाषक शेजारीही तितकाच आपला ठरतो. गणेशोत्सवासाठी आणि दिवाळीसाठी महाराष्ट्र मंडळे आहेतच. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची परंपरा १९३२ पासूनची आहे, तर उत्तर अमेरिकेतील मंडळांना जोडणारे बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. मंडळाचा कार्यक्रम महिन्यातून एकदा असतो. तेथे गाडीने किंवा आगगाडीने जाता येते. रोजचा शेजार मात्र पायी अंतरावरच असावा लागतो. त्याचबरोबर केवळ आपल्याच लोकांत राहून स्थानिक समाजाशी ओळखच होणार नाही, असेही होऊ नये. शाळा, ग्रंथालय आणि बाग ही स्थानिक लोकांशी परिचय होण्याची उत्तम ठिकाणे आहेत.

भाड्याचे गणित

ऑस्ट्रेलियात घरभाडे आठवड्यावर सांगितले जाते. येथे नवख्यांचा हिशेब हमखास चुकतो. ६०० डॉलर साप्ताहिक भाडे म्हणजे महिन्याला २,४०० नव्हे. ६०० ला ५२ ने गुणून १२ ने भागले असता २,६०० येतात. वर्षाचा फरक २,४०० डॉलरचा होतो.

न्यू साउथ वेल्स राज्यात सुरुवातीस जास्तीत जास्त चार आठवड्यांच्या भाड्याइतकी अनामत आणि दोन आठवड्यांचे आगाऊ भाडे मागता येते. वरील उदाहरणात ही रक्कम ३,६०० डॉलर होते. घरे बहुधा सामानाशिवाय मिळतात. पलंग, शीतकपाट, भांडीकुंडी यांचा खर्च निराळा. पहिला पगार हाती येईपर्यंतचा घरखर्चही यात मिळविला पाहिजे. काही तात्पुरत्या व्हिसांवरील कुटुंबांना सरकारी शाळेतही मुलांचे शुल्क भरावे लागते. आपला व्हिसा त्यांत मोडतो का, हे निघण्यापूर्वीच पाहून घ्यावे.

दूरचे घर स्वस्त पडते, हे नेहमीच खरे नसते. आठवड्याला १०० डॉलर वाचले, तर वर्षाचे ५,२०० होतात. परंतु त्यासाठी दुसरी मोटार घ्यावी लागली, तर तिची किंमत, विमा, नोंदणी आणि इंधन यांत ही बचत सहज विरून जाते. शिवाय रोज दोन तास अधिक प्रवास झाला, तर २३० कामाच्या दिवसांत ४६० तास जातात. हे तास मुलाच्या वाट्याचे असतात, हे विसरू नये.

हवामानाचाही विचार करावा. सिडनीचा पश्चिम भाग समुद्रापासून दूर असल्याने उन्हाळ्यात फार तापतो. ४ जानेवारी २०२० रोजी पेनरिथ येथे ४८.९ अंश सेल्सियस तापमान नोंदले गेले. हॉक्सबरी-नेपियन नदीकाठच्या भागांत २०२१ व २०२२ मध्ये मोठे पूर आले होते. भाडे आसपासच्या तुलनेत फारच कमी असेल, तर त्याचे कारण शोधून काढावे. उपनगरनिहाय गुन्ह्यांची आकडेवारी न्यू साउथ वेल्स शासन स्वतः प्रसिद्ध करते. ऐकीव गोष्टींपेक्षा ती पाहणे अधिक शहाणपणाचे.

पाहिल्याशिवाय पैसे नकोत

भारतात बसून छायाचित्रांवरून घर पक्के करण्याचा मोह टाळावा. बाजारभावापेक्षा कमी भाडे, मालक ‘सध्या परदेशी’, किल्ली टपालाने पाठविण्याचे आश्वासन आणि अनामत तातडीने पाठविण्याची घाई, ही फसवणुकीची ठरलेली लक्षणे आहेत. सिहोऱ्यातील एखाद्या निवृत्त पित्याने मुलासाठी काढून दिलेली ठेव अशा एका व्यवहारात जाऊ शकते, आणि परदेशातील खात्यात गेलेली रक्कम परत मिळविणे अत्यंत कठीण असते.

यावर उपाय म्हणजे निवड दोन टप्प्यांत करणे. पहिले तीन-चार आठवडे तात्पुरत्या निवासात अथवा परिचितांकडे राहावे. पूर्वीच्या घरमालकाचा दाखला आणि स्थानिक पगारपत्रक नसल्याने नवख्यांना लगेच घर मिळणे तसेही अवघड असते. या काळात दोन-तीन उपनगरे निवडून ती प्रत्यक्ष पाहावीत. एकदा कामाच्या दिवशी सकाळी आठला तेथून कार्यालयापर्यंत प्रवास करावा, एकदा दुपारी दोघांनी मुलासह पायी फिरावे, एकदा रात्री नऊला स्थानकापासून घरापर्यंत चालून पाहावे. नकाशात न दिसणाऱ्या गोष्टी या तीन फेऱ्यांत दिसतात.

घर ठरल्यावर अनामत राज्य शासनाच्या यंत्रणेकडेच जमा होते, याची खात्री करावी. किल्ली घेताना मिळणारा घराच्या स्थितीचा अहवाल बारकाईने तपासून, भिंतीवरील डागापासून फुटक्या फरशीपर्यंत सर्व नोंदी करून तो सात दिवसांत परत द्यावा. पुढे अनामत परत मिळताना हाच कागद उपयोगी पडतो.

पहिल्याच वर्षी घर विकत घेण्याची घाईही योग्य नव्हे. ऑस्ट्रेलियाने १ एप्रिल २०२५ ते ३१ मार्च २०२७ या काळासाठी तात्पुरत्या रहिवाशांसह परदेशी व्यक्तींना जुनी, म्हणजे आधी बांधलेली घरे घेण्यास सर्वसाधारणपणे मनाई केली. कॅनडाने १ जानेवारी २०२३ पासून आणि न्यूझीलंडने २०१८ पासून परदेशी खरेदीदारांवर निर्बंध घातले. अपवाद व मुदती बदलत राहतात. म्हणून आपल्या व्हिसास कोणता नियम लागू आहे, हे तज्ज्ञांकडून जाणून घ्यावे. भाड्याचे घर चुकले तर करार संपताच बदलता येते. विकत घेतलेले घर चुकले तर ती चूक वीस-पंचवीस वर्षांच्या हप्त्यांशी बांधली जाते.

मागे राहणाऱ्यांची तजवीज

परदेशातील घराची व्यवस्था भारतातील खात्यांपासून सुरू होते. निवासी व्यक्तीस रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत विप्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकन डॉलरपर्यंत रक्कम अनुमत कारणांसाठी बाहेर पाठविता येते. ही योजना २००४ मध्ये २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली होती. ठरावीक रकमेपलीकडे उगमस्थानी करसंकलन होते. त्याचे दर अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात, म्हणून पैसे पाठविण्यापूर्वी शाखेत चौकशी करावी. पॅन क्रमांक व आवश्यक अर्ज तयार ठेवावेत.

नोकरीसाठी परदेशी गेलेल्या व्यक्तीने आपले निवासी बचत खाते अनिवासी सामान्य, म्हणजे एनआरओ खात्यात रूपांतरित करून घेणे बंधनकारक आहे. परदेशातील कमाई भारतात ठेवण्यासाठी अनिवासी बाह्य, म्हणजे एनआरई खाते उघडावे; त्यातील रक्कम मुक्तपणे परत नेता येते. नामनिर्देशन, आई-वडिलांच्या नावे व्यवहाराचे अधिकारपत्र आणि मोबाइल क्रमांकातील बदल ही कामे विमानात बसण्यापूर्वीच उरकावीत. परदेशातील पत्ता पक्का झाला की तो शाखेस कळवावा.

समारोप

“अंथरूण पाहून पाय पसरावे” ही म्हण खर्चापुरती घेतली जाते. ती अंतरालाही तितकीच लागू आहे. परदेशात घर निवडताना प्रसिद्ध नाव, प्रशस्त बैठक आणि परिचितांचा आग्रह यांपेक्षा दोन साधने अधिक विश्वासाची आहेत : एक घड्याळ आणि दुसरी हिशेबाची वही. मात्र ही दोन्ही साधने घेऊन कुटुंबातील सर्वांनी एकत्र बसले पाहिजे. कोण किती तास तेथे राहणार, कोण पायी जाणार, कोणाला एकटेपणा वाटणार, हे प्रश्न निघण्यापूर्वी, सिहोऱ्याच्या किंवा जबलपूरच्या घरातच विचारले गेले, तर पुष्कळ मनस्ताप वाचतो.

जेथे घरातील सर्वांत कमी स्वतंत्र व्यक्तीही स्वतःच्या पायांनी बाहेर पडून, आपले काम उरकून, कोणाशी दोन शब्द बोलून परत येऊ शकते, ते उपनगर त्या कुटुंबासाठी योग्य समजावे. मग त्याचे नाव कोणी ऐकलेले असो वा नसो.